टंकयंत्राची रिबन



बंद पडलेला टाइपरायटर आपण पुष्कळांनी पाहिला असेल. शाळेच्या कपाटावर नाहीतर ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तो टाकून दिलेला असतो. वर धूळ, आत कोळ्याची जाळी. पण त्याच्या कळा दाबून पाहाव्यात तर अक्षरे खाडखाड वर उठतात, गाडा सरकतो, ओळ संपत आली की घंटीसुद्धा वाजते. मग बंद काय पडले? कागदावर काही उमटत नाही, एवढेच. म्हणजे यंत्र धडधाकट आहे. वाळली आहे ती रिबन. माणूस ठणठणीत असावा आणि नुसता घसा कोरडा पडल्याने त्याला बोलता येऊ नये, त्यातलाच हा प्रकार. ही रिबन आज कुठून मिळवावी, वाळलेली असली तर पुन्हा कशी जागवावी, आणि तिच्यात रंग कोणता असावा, हे आज सांगायचे आहे. यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आता तुम्ही म्हणाल, संगणकाच्या आणि मोबाइलच्या दिवसांत ही जुनी कथा कशाला? संगणकाशी माझे भांडण नाही. तो आहे तिथे त्याने काम करावे. पण पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा रस्ता पाण्याखाली गेला, ही बातमी आपण किती पावसाळे ऐकत आलो आहोत! अशा दिवसांत वीज गेली की प्रिंटर म्हणजे नुसता खोका. टाइपरायटरला मात्र वीज लागत नाही, माणसाची दहा बोटे लागतात. शिवाय ज्या शाळेत, ज्या कार्यालयात यंत्र पडूनच आहे, तिथे ते चालू करायला खर्च तो किती? पाचपन्नास थेंब तेल, थोडी शाई आणि एक दुपार.

आणि दुसरे एक कारण आहे. ते आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीचेच आहे.

वनहक्काचा कायदा २००६ साली झाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक आले, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्यानंतर गावोगावी दाव्यांचे कागद तयार झाले. या कायद्यात एक अट अशी आहे की, जे अनुसूचित जमातीचे नाहीत पण जंगलावरच जगत आले आहेत, त्यांनी १३ डिसेंबर २००५ च्या मागे तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, आपण इथले असल्याचे दाखवायचे. करा हिशेब. १९३० साल येते. १९३० साली गडचिरोली जिल्हा कुठला? तो झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. तेव्हा सगळा मिळून एक चांदा जिल्हा, मध्यप्रांतातला, आणि राजधानी नागपूर. त्या वेळच्या कचेऱ्यांतले काही कागद टाकाने लिहिलेले, काही यंत्रावर टंकलेले. वडिलोपार्जित पेटीतून असा एखादा कागद निघतो. कागद असतो, शिक्का असतो, घड्यासुद्धा जशाच्या तशा असतात. आणि अक्षर मात्र उडून गेलेले! फिकट जांभळी सावली तेवढी उरलेली. कायद्याला पुरावे एकाहून अधिक लागतात, म्हाताऱ्या माणसांचा जबाबही चालतो, हे खरे. पण हातातला कागद मुका झाल्याचे दुःख ज्याचे त्यालाच ठाऊक.

हे का होते, याचे उत्तर रिबनीत आहे. तेव्हा आधी रिबन म्हणजे काय ते पाहू.

अमेरिकेत १८७४ साली रेमिंग्टन कंपनीने पहिला टाइपरायटर विक्रीला काढला. ही कंपनी बंदुका करी आणि शिलाई मशीनही करी. त्यामुळे त्या पहिल्या यंत्राला शिलाई मशीनसारखा पायटाही होता. त्यातही शाईची रिबनच होती. त्यानंतर दीडशे वर्षे झाली, यंत्रे बदलली, पण रिबनीची रचना तीच राहिली. अर्धा इंच, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर रुंदीची कापडी पट्टी. कधी सुती, कधी रेशमी, अलीकडे नायलॉनची. लांबी साधारण नऊ-दहा मीटर. तिला शाई पाजलेली. दोन चकऱ्यांवर ती गुंडाळलेली असते. कळ दाबली की रिबन किंचित वर उचलली जाते, लोखंडी अक्षर तिच्यावर आपटते, कागदावर ठसा उमटतो, आणि रिबन एक पाऊल पुढे सरकते. एक चकरी रिकामी झाली की उलटा प्रवास सुरू. यंत्र मराठीचे असो की इंग्रजीचे, रिबनीला भाषा कळत नाही. दोन्हींना एकच चालते.

आपल्याकडे गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर काढला. त्याआधी बाहेरच्या यंत्रांवरच सारा कारभार. १९६४ साली महाराष्ट्रात राजभाषेचा कायदा झाला आणि मराठी टंकलेखनाला कचेऱ्यांतून मान मिळाला. खेड्यातली किती मुले तीस शब्द, चाळीस शब्द मिनिटाला, अशी परीक्षा देऊन पोटापाण्याला लागली! पुढे गोदरेजचे टाइपरायटर सातारा जिल्ह्यात शिरवळला होऊ लागले. २००९ साली ते करणे थांबले. ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या राज्यातली यंत्रावरची शेवटची सरकारी टंकलेखन परीक्षा झाली आणि टायपिंगच्या शाळांमधली यंत्रे किलोच्या भावाने भंगारात निघाली. यंत्र गेले की त्याचे सामान विकणारा दुकानदारही हळूहळू दुसरा माल ठेवू लागतो. त्याचा दोष नाही. म्हणून रिबन मिळत नाही, अशी ओरड होते. परंतु ती मिळत नाही असे नाही. ती दुसऱ्या नावाने मिळते. ते पुढे सांगतो.

रिबनीतली शाई ही दौतीतल्या शाईसारखी पाण्याची नसते. ती तेलाची असते. आणि तेलही असे की जे सहजी वाळत नाही. कंदिलाची वात आठवा. तेल खाली टाकीत, पण वातीच्या धाग्याधाग्यांतून ते आपोआप वर चढते. रिबनीतही तसेच. एका ठिकाणची शाई कागदावर गेली की शेजारच्या धाग्यांतली शाई हळूहळू तिथे सरकते. म्हणून फिकी पडलेली रिबन आठ दिवस चकरीवर गुंडाळून ठेवली तर पुन्हा थोडी गडद उमटते. जुने टंकलेखक दोन रिबनी आळीपाळीने वापरीत, त्यात हीच युक्ती. गुरुजींना केशाकर्षण शिकवायचे असेल तर याहून स्वस्त साधन दुसरे नाही.

मग ती वाळते का? तेलाचा अंश उडून जातो म्हणून. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखाली, उघड्या यंत्रावर चढवून ठेवलेली रिबन दोन उन्हाळ्यांत कोरडी होते. पण ध्यानात घ्या, उडून जाते ते तेल. रंगाची काजळी कुठे जात नाही. ती कापडातच बसून असते. म्हणून वापर न होता नुसती वाळलेली रिबन आणि वापरून वापरून रिती झालेली रिबन, या दोन वेगळ्या दुखण्यांच्या रोगी आहेत. औषधही वेगळे.

तपासावे कसे? रिबन थोडी उलगडून उजेडासमोर धरावी. बारीक बारीक भोके दिसली, कडा सुटलेल्या असल्या, तर ते कापडच संपले. त्याला शाई पाजण्यात अर्थ नाही. विशेषतः पूर्णविराम आणि अनुस्वार पाहा. सारा मार एका टिंबावर येतो, म्हणून रिबनीला पहिले भोक तिथेच पडते. कापड शाबूत असेल तर बोटाने दाबून पाहावे. बोटाला काहीच लागत नाही, पण रिबन दिसायला काळीभोर आहे, तर ती नुसती वाळली आहे असे समजावे. करडी, पांढुरकी झाली असेल तर रंग सरला.

आणि हे सगळे करण्याआधी एक साधी गोष्ट. यंत्राच्या अंगाला एक लहानशी तरफ असते. तिला काळी, तांबडी आणि पांढरी अशा खुणा असतात. आपली रिबन सबंध काळी असेल तर नेहमीच्या कामात तिची वरची निम्मी बाजूच झिजते. खालची निम्मी बाजू कोरीच राहते. तरफ तांबड्या खुणेवर नेली की खालची बाजू कामाला येते. पुष्कळ वेळा एवढ्यानेच काम भागते. उलट पांढऱ्या खुणेवर तरफ असली तर रिबन मुळी वर उठतच नाही. ही पांढरी खूण स्टेन्सिल कापण्यासाठी. ज्या गुरुजींनी पूर्वी सायक्लोस्टाइलवर प्रश्नपत्रिका काढल्या आहेत त्यांना ती चांगली ठाऊक असेल. स्टेन्सिल कापून कोणीतरी तरफ तशीच ठेवून जावे आणि पुढच्याने यंत्र नादुरुस्त म्हणून शेरा मारावा, असेही घडते!

आता नुसत्या वाळलेल्या रिबनीचे औषध. शिलाई मशीनचे पातळ तेल घ्यावे. रिबन चकरीवर पुरती गुंडाळून ती आडवी ठेवावी, म्हणजे गुंडाळीची कड वर येईल. त्या कडेवर जागजागी चार-पाच थेंब सोडावेत. फार नको. मग चकरी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून रात्रभर ठेवावी. सकाळी उलटी करून दुसऱ्या कडेवर तेवढेच थेंब, आणि पुन्हा एक रात्र. वातीसारखे तेल आपले आपण आत जाते. नंतर रद्दी कागदावर चालवून पाहावे. पहिल्या चार ओळी थोड्या तेलकट येतील, मग अक्षर बसेल. घाईघाईने तेल ओतले तर अक्षराभोवती पिवळट डाग धरतो आणि कागद पलीकडचे दिसण्याइतका पारदर्शक होतो. कमी पडले तर उद्या घालता येते. जास्त झालेले काढता येत नाही.

तेलाच्या बाबतीत घरची हुशारी नको, एवढे बजावतो. विदर्भात जवसाचे तेल घरोघर. पण जवसाचे तेल हवेवर वाळते, त्याचा चिवट पापुद्रा धरतो. म्हणून तर ते रंगाच्या आणि छापखान्याच्या शाईच्या कामी येते. रिबनीला ते विष. दोन महिन्यांत रिबन चामड्यासारखी होईल आणि अक्षरांच्या दांड्या एकमेकींना चिकटतील. मोहाच्या टोळीचे तेल थंडीत थिजते, खोबरेलाचेही तेच. एरंडेल वाळत नाही हे खरे, पण ते फार दाट. एकटे वापरू नये. तेव्हा मशीनचे पातळ तेल ते बरे.

रंगच सरला असेल तर शाई द्यावी लागते, आणि इथे चूक होते ती शिक्क्याच्या शाईची. रबरी शिक्क्याची जांभळी शाई हाताशी असते. ती रिबनीवर ओतली की त्या दिवशी छान उमटते. पण ती बहुधा पाण्याची आणि ग्लिसरीनची असते. ती पसरते, पावसाळ्यात ओल धरते, यंत्राच्या लोखंडाला गंज चढवते, आणि तिचा रंग टिकाऊ नसतो. फाउंटन पेनची शाई तर नकोच. कोणी म्हणेल, आपल्या जंगलात हिरडा आहे, हिरड्याची आणि हिराकसाची काळी शाई पूर्वी होतच होती. होती, पण ती बोरूसाठी. ती आंबट असते. रिबनीचे सूत आणि यंत्राचे लोखंड दोन्ही खाते.

हवी ती तेलाची काळी शाई. पावत्यांवर आकडे मारण्याच्या यंत्राला लागते ती, नाहीतर संगणकाच्या टिकल्याटिकल्यांनी छापणाऱ्या प्रिंटरच्या रिबनीला पुन्हा भरण्यासाठी मिळते ती. दुकानदाराला विचारताना ‘तेलाची आहे का’ असे स्पष्ट विचारावे आणि बाटलीवरची चिठ्ठी वाचावी. शाई देण्याची रीत सोपी आहे. जाड नमद्याचा किंवा लोकरीच्या जुन्या कापडाचा तुकडा शाईने ओला करावा, नुसता ओला, निथळता नको. तो चिमटीत धरावा, आणि एका चकरीवरची रिबन त्या चिमटीतून काढीत दुसऱ्या चकरीवर गुंडाळावी. हे काम दोघांनी करावे. एक चिमटी धरील, दुसरा चकरी फिरवील. खाली वर्तमानपत्र पसरावे, अंगात जुना सदरा घालावा, कारण ही शाई साबणाला दाद देत नाही. मग डब्यात घालून निदान एक दिवस मुरू द्यावी.

आणि कापडच संपले असेल तर? वर म्हटले, रिबन दुसऱ्या नावाने मिळते. बँकेत पासबुकावर कर्रर्र आवाज करीत छापणारे यंत्र तुम्ही पाहिले असेल. त्याच जातीच्या पुष्कळ प्रिंटरांची रिबनही नायलॉनची, तेलाच्या शाईची आणि अर्ध्या इंचाचीच असते. तिचा नुसता भरणा वेगळा विकत मिळतो. नागपूर-चंद्रपूरसारख्या शहरात संगणकाचे सामान विकणाऱ्याकडे ‘डॉट मॅट्रिक्सच्या रिबनीचा भरणा, अर्धा इंची’ असे मागावे. ती टोकाला टोक जोडलेली, अखंड असते. जोड कापावा, गुंता होऊ न देता ती टाइपरायटरच्या जुन्या चकरीवर गुंडाळावी, आणि चकरी भरली की उरलेली कापून दुसऱ्या यंत्रासाठी ठेवावी. तिची शाई जरा पातळ असते, अक्षर पहिल्या दिवशी थोडे पसरट वाटेल. पण काम उत्तम होते. मापाची पट्टी बरोबर न्यायला विसरू नये, कारण त्या प्रिंटरांत अरुंद रिबनीही असतात.

मात्र जुन्या चकऱ्या कधीही फेकू नका. रिबन मिळते, चकरी मिळत नाही. प्रत्येक बनावटीच्या चकरीचे भोक आणि खाच निराळी. आणि जुनी रिबन काढताना तिच्या दोन्ही टोकांशी एक बारीक पितळी डोळा बसवलेला असतो, तो पाहून ठेवा. चकरी संपत आली की हा डोळा एका काट्याला अडतो आणि रिबन उलटी फिरू लागते. नव्या कापडाला डोळा नसेल तर टोकापासून चार-सहा बोटांवर एक घट्ट गाठ मारावी. बऱ्याच यंत्रांत तेवढ्याने भागते. डोळाही नाही आणि गाठही नाही, तर रिबन टोकाला जाऊन थांबते, सगळी अक्षरे एकाच जागी आपटतात आणि नवी रिबन अर्ध्या तासात फाटते. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीची, एकदाच वापरायची रिबन वेगळी. ती विजेच्या यंत्रांना लागे. तिला शाई पाजता येत नाही. आणि टंकलेला मजकूर तिच्यावर जसाच्या तसा वाचता येतो, म्हणून ती वाटेल तिथे टाकू नये. गंमत पाहा, संगणकातली गुपिते फुटू नयेत म्हणून रशियातल्या एका सुरक्षा खात्याने २०१३ साली पुन्हा टाइपरायटर घ्यायचे ठरवले, अशी बातमी जगभर गाजली होती. त्यांनाही रिबनी जपाव्या लागल्या असतील!

नवी शाई दिली की यंत्राची अक्षरे साफ केलीच पाहिजेत. वर्षानुवर्षांची काजळी आणि कापडाचे तंतू अक्षरांच्या पोटात भरलेले असतात. इंग्रजीत त्याने फारसे बिघडत नाही, पण मराठीत अनर्थ होतो. ‘ब’चे पोट भरले की तो ‘व’शी भांडायला उभा राहतो. ‘घ’ आणि ‘ध’ एकमेकांच्या जागी वाचले जातात. ‘१’ आणि ‘९’ यांचे तर विचारूच नका. गट क्रमांक ९१ चा ११ झाला, किंवा क्षेत्राच्या आकड्यातला दशांशाचा ठिपका उमटलाच नाही, तर पुढे कोणाकोणाच्या उंबऱ्याला जावे लागेल? तेव्हा जुना दात घासायचा ब्रश स्पिरिटमध्ये किंचित बुडवून अक्षरे घासावीत. ब्रश स्वतःकडे ओढावा, म्हणजे घाण यंत्राच्या पोटात पडत नाही. खाली फडके घालावे. फार रुतलेली घाण लाकडी काडीने काढावी, सुईने नको. चूल, विडी जवळ असू नये हे सांगायला नकोच.

आता रंगाविषयी.

रिबनीचे रंग मुळात दोन जातींचे. एक काजळीचा काळा. ही काजळी म्हणजे कोळसाच. तिला ऊन खात नाही, पाणी धूत नाही. आपल्या विदर्भात महानुभावांच्या जुन्या पोथ्या पाहा. कागद पिवळा झाला, कडा झिजल्या, पण काजळीच्या शाईने लिहिलेले अक्षर आजही काळे आहे. दुसरी जात रासायनिक रंगाची, जांभळी, निळी. पूर्वी कचेऱ्यांतून नक्कल काढण्यासाठी मुद्दाम पाण्यात विरघळणाऱ्या जांभळ्या रंगाची रिबन वापरीत; ओला पातळ कागद दाबला की पत्राची प्रत उमटे. प्रत तर निघाली, पण मूळ पत्राचे अक्षर उजेडाने दरवर्षी थोडे थोडे उडत गेले. पेटीतून निघणारे जांभळ्या सावलीचे कागद पुष्कळदा या जातीचे असतात. कार्बनच्या प्रतींनाही हाच न्याय. काळ्या कार्बनची प्रत टिकते, निळ्या-जांभळ्याची उडते. आणि आजच्या काळात आणखी एक भर पडली आहे ती उष्णतेने छापणाऱ्या कागदाची. एसटीच्या यंत्राचे तिकीट खिशात चार महिने ठेवून पाहा, कोरे होते. एखाद्या कामाची पावती तशी आली असेल तर त्याच आठवड्यात तिची झेरॉक्स काढून ठेवावी.

आपण विकत आणलेली रिबन वा शाई कोणत्या जातीची, हे दुकानदाराच्या शब्दावर सोडू नये. शाळेत मुलांकडून परीक्षा करवून घ्यावी. कागदावर चार ओळी टंकाव्यात, एक दिवस वाळू द्याव्यात. एका ओळीवर पाण्याचा थेंब टाकावा. रंग फुटून पसरला तर ती शाई नोंदीच्या कामाची नाही. दुसऱ्या ओळीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून कागद महिनाभर उन्हाच्या खिडकीत लावावा. पुठ्ठा काढल्यावर दोन्ही अर्ध्या भागांत फरक दिसला की समजावे, ही शाई उडणारी आहे. आपले वैशाखाचे ऊन दुसऱ्या कशाला उपयोगी नसले तरी या परीक्षेला फार चांगले. जी शाई यात टिकेल तीच ग्रामसभेच्या ठरावाला, शाळेच्या दाखल्याला, हद्दीच्या वर्णनाला वापरावी. उरलेली अर्ज-विनंत्यांना चालेल.

आणि जुन्या फिकट कागदांविषयी एक कळकळीची सूचना. अक्षर दिसत नाही म्हणून त्यावर पेनाने गिरवू नका. हेतू कितीही चांगला असो, गिरवलेला कागद पाहिला की तपासणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते, आणि खरा पुरावाही संशयाचा होतो. प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंद करून घेणेही बरे नाही. दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, मोबाइलवर त्याचा फोटो घ्यावा. उजेड बाजूने तिरपा येऊ दिला तर अक्षराचा कागदात रुतलेला खळगा दिसतो. टाइपरायटरचे अक्षर नुसते शाईचे नसते, ते लोखंडाच्या माराचेही असते. रंग उडाला तरी मार उरतो, आणि पुष्कळ वेळा त्यावरून शब्द लावता येतो. फोटो घेतला की मूळ कागद सुती कापडात गुंडाळून, कोरड्या पेटीत, अंधारात ठेवावा, आणि त्याची प्रमाणित नक्कल संबंधित कार्यालयाकडून मागावी. १९८२ च्या आधीचे मूळ कागद चंद्रपूरच्या कार्यालयांत असण्याचा संभव असतो, हे गडचिरोलीकडच्या मंडळींनी अर्ज करताना लक्षात ठेवावे.

राहता राहिला रिबनीच्या साठवणीचा प्रश्न. काम आटोपले आणि चार-सहा आठवडे यंत्राला हात लागणार नसेल, तर दोन्ही चकऱ्या काढून चहाच्या नाहीतर बिस्किटांच्या पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेवाव्यात. डबा छपराखालच्या फळीवर नको. खाली, भिंतीच्या थंड बाजूला ठेवावा. पावसाळ्यात सुती रिबनीला बुरशी धरते, तेव्हा महिन्यातून एकदा डबा उघडून पाहावा. यंत्रावर कापडी खोळ घालावी. आणि डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवून तिच्यावर लिहावे : रिबन कधी चढवली, शाई कोणती दिली, तेल किती थेंब घातले. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा नवे गुरुजी आले असतील, तर त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.